हंगाम संपल्यावर वल्हं खाली ठेवलं की शरीरात काय होतं?

सिडनीच्या २००० सालच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या एका रोवरने स्पर्धा आटोपल्यावर आठ आठवडे सराव पूर्ण बंद ठेवला. चार वर्षं रोज पहाटे उठून वल्हं ओढल्यावर कोणीही ठेवेल. पण या माणसाची ऑलिम्पिकच्या दोनेक महिने आधी प्रयोगशाळेत सविस्तर तपासणी झालेली होती. तीच तपासणी सुट्टी संपल्यावर पुन्हा झाली, सराव सुरू करून आठ आठवडे झाल्यावर पुन्हा झाली, आणि त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी चौथ्यांदा झाली. २००५ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. खेळाडूचं नाव त्यात दिलेलं नाही. हंगामानंतरच्या सुट्टीबद्दल बोलताना मला अजूनही हेच आकडे सगळ्यात बोलके वाटतात.

ऑलिम्पिकआधी हा गडी आपल्या प्राणवायूच्या कमाल पातळीवर एर्गोवर ५४६ वॉट ताकद काढत होता. आठ आठवड्यांच्या सुट्टीनंतर ती ४३५ वॉटवर आली, म्हणजे २० टक्के घट. एर्गो म्हणजे रोइंगचं घरातलं यंत्र, पूर्ण नाव एर्गोमीटर. सरकतं आसन, ओढायचा दांडा, पुढे फिरणारं चाक आणि खोटं न बोलणारा छोटा पडदा. या पडद्यावर रोवर वॉट फारसे बघत नाहीत. ते बघतात ‘स्प्लिट’, म्हणजे या वेगाने ५०० मीटरला किती वेळ लागेल तो आकडा. ५४६ वॉट म्हणजे १ मिनिट २६ सेकंदांचा स्प्लिट. ४३५ वॉट म्हणजे १ मिनिट ३३.

इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाण्यात वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. दुप्पट वेगाला आठपट ताकद. उलट्या बाजूने पाहिलं तर ताकद २० टक्के गेली तरी वेग साधारण ७ टक्केच जातो. ऐकायला किरकोळ. पण २००० मीटरच्या शर्यतीवर हा फरक पसरला तर तो २७ सेकंदांच्या आसपास होतो. त्याच सिडनीत ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्हच्या चौघांच्या बोटीने इटलीला हरवलं ते ०.३८ सेकंदाने.

हा एकाच माणसाचा अभ्यास आहे, त्यामुळे त्यावरून प्रत्येकाचा हिशेब मांडू नये. तरी त्यातली एक विसंगती फार शिकवून जाते. या रोवरची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची एका मिनिटात प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, फक्त ८ टक्क्यांनी घटली होती. मग ताकद २० टक्के कशी घटली? फिटनेस नावाची एकच एक गोष्ट शरीरात नसते. बऱ्याच गोष्टींची ती बेरीज असते, आणि सुट्टीत त्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या गतीने उतरते. परत येताना चढण्याची गतीही प्रत्येकीची निराळी. सुट्टीचं आणि पुनरागमनाचं सगळं कोडं या असमान गतींमध्ये आहे.

सगळ्यात आधी जातं ते रक्त. रक्तपेशी नव्हेत, रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा. रोजच्या सरावामुळे शरीर प्लाझ्मा वाढवून ठेवतं. सराव थांबला की काही दिवसांतच तो कमी व्हायला लागतो. १९८०च्या दशकात एडवर्ड कॉइल या अमेरिकन शास्त्रज्ञाने कसलेल्या खेळाडूंचा सराव दोन ते चार आठवडे थांबवून पाहिलं. त्यांच्या शरीरातलं रक्त सुमारे ९ टक्के कमी झालं, आणि हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर फेकतं ते १२ टक्क्यांनी घटलं. मग त्याने एक झकास गोष्ट केली. शिरेतून द्रव देऊन रक्ताचं आकारमान पहिल्याइतकं केलं, आणि त्याच खेळाडूंची पुन्हा परीक्षा घेतली. हृदयाचं काम जवळजवळ पूर्ववत झालं. विहिरीत पाणीच खाली गेलं असेल तर मोटर कितीही चांगली असून पाईपात धार यायची नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बिघडते ती विहीर, मोटर नव्हे.

रोवरच्या दृष्टीने हे दिलासादायक आहे, कारण प्लाझ्मा जसा पटकन जातो तसाच पटकन येतोही. सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात जिना चढताना लागणारा दम आणि एर्गोवर उगाच वर पळणारे ठोके, यातलं बरंचसं या पाण्याचं काम असतं. ‘सगळं गेलं’ असा निष्कर्ष त्या आठवड्यात काढू नये.

त्यानंतर पाळी स्नायूंच्या आतल्या कारखान्याची. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी विकरं (एन्झाइम) आठवड्यांच्या हिशेबाने घटतात. कॉइलच्याच आधीच्या प्रयोगात धावपटू आणि सायकलपटूंची व्हीओटू मॅक्स पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्के आणि आठ आठवड्यांत १६ टक्के उतरली होती. पहिली घसरण मुख्यतः रक्ताची, नंतरची स्नायूंची. पण स्नायूंभोवती विणलं गेलेलं केशवाहिन्यांचं जाळं बारा आठवड्यांनंतरही जवळपास तसंच राहिलं होतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने बांधलेल्या काही गोष्टी चिवट असतात.

आता २० टक्क्यांच्या कोड्याकडे. विकरं घटली की पूर्वी आरामात झेपणाऱ्या वेगालाही स्नायू प्राणवायूवाचूनचा मार्ग जास्त वापरायला लागतात आणि रक्तात लॅक्टेट साठू लागतं. (लॅक्टेट म्हणजे विष नव्हे. शरीर ते इंधन म्हणून वापरतंही. पण ते साठायला लागलं याचा अर्थ तो वेग फार काळ टिकणार नाही.) आपल्या सिडनीवीराच्या बाबतीत लॅक्टेटच्या ठरावीक पातळीला निघणारी ताकद साधारण पाव हिश्शाने घटली होती. कमाल क्षमता ८ टक्के गेली, पण त्या क्षमतेतला किती भाग तो बराच वेळ वापरू शकतो, तो वाटा त्याहून खूप जास्त गेला. २००० मीटरची शर्यत साडेपाच ते सात-साडेसात मिनिटांची असते आणि तिला लागणाऱ्या ऊर्जेतली ७० ते ८० टक्के प्राणवायूच्या वाटेने येते. तेव्हा रोवरला हा वाटा गमावणं महागात पडतं.

वजन उचलण्याची निव्वळ ताकद मात्र हट्टी असते. तीन-चार आठवडे वजनं उचलली नाहीत तरी ती फारशी हलत नाही. तंत्रही पूर्ण विसरत नाही. पाण्यात पातं टाकण्याचा क्षण थोडा उशिरा येतो आणि स्कलमध्ये, म्हणजे दोन्ही हातांत एकेक वल्हं असलेल्या बोटीत, तोल डगमगतो, पण काही दिवसांत हात रुळतात. ब्रिटनची हेलन ग्लोव्हर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर खेळातून बाहेर पडली, तीन मुलांची आई झाली, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये दोघींच्या बोटीत चौथी आली. पॅरिसला २०२४ मध्ये चौघींच्या बोटीत रौप्यपदक. इतक्या वर्षांच्या खंडानंतर हे जमतं, कारण तिने पाया घातलेला होता. तरीही ग्लोव्हरचं उदाहरण पुढे करून कोणी कॉलेजच्या मुलाला ‘वर्षभर नाही केलं तरी चालतं’ म्हणत असेल तर त्याला दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांच्या पायाची आठवण करून द्यावी.

एवढं सगळं उतरतं, तर सुट्टी घ्यायचीच कशाला? वरच्या दर्जाचा रोवर आठवड्याला दहा-बारा सत्रं करतो: पाण्यावर, एर्गोवर, वजनांसोबत. शर्यतीतल्या सव्वादोनशेच्या आसपास ओढींसाठी वर्षभरात लाखो ओढी. प्रत्येक ओढीला कंबर वाकते आणि फासळ्यांवर स्नायूंचा ताण येतो. हाडांत, कंबरेच्या चकत्यांत आणि मनगटाच्या स्नायुबंधांत रोज थोडी झीज होते आणि रोज थोडी दुरुस्ती होते. हंगामाच्या शेवटी दुरुस्तीचा हिशेब बहुतेकांचा तुटीत असतो. ही तूट भरायला आराम लागतो. दुसरं काही चालत नाही.

आणि मन. रेडग्रेव्ह १९९६ मध्ये अटलांटाला चौथं सुवर्णपदक जिंकून पाण्याबाहेर आला तेव्हा त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, की यापुढे मी बोटीजवळ दिसलो तर मला गोळी घाला. काही महिन्यांनी तो पुन्हा बोटीत होता. १९९७ मध्ये त्याला मधुमेह असल्याचं कळलं, तरी सिडनीत ३८ व्या वर्षी त्याने पाचवं सुवर्ण घेतलं. अटलांटाच्या धक्क्यावरचा त्याचा तो वैताग मला खोटा वाटत नाही. सक्तीने ओढत नेलेला थकलेला रोवर आकडे काढतो, पण शेवटच्या ५०० मीटरमध्ये लागणारी भूक त्याच्यात उरत नाही.

प्रश्न सुट्टी घ्यावी की नाही हा नाहीच. किती आणि कशी घ्यावी, हा आहे. इथे कयाकिंगमधला एक अभ्यास कामाला येतो. स्पेनच्या जागतिक दर्जाच्या कयाकपटूंपैकी काहींनी हंगामानंतर पाच आठवडे सराव पूर्ण बंद केला, तर काहींनी अगदी थोडा चालू ठेवला. पहिल्या गटाची व्हीओटू मॅक्स सुमारे ११ टक्के घटली, दुसऱ्याची त्याच्या निम्मी. थोडं म्हणजे आठवड्यातली मोजकीच सत्रं. आधीच्या ओझ्याच्या मानाने काहीच नाही.

त्या थोड्यात काय करायचं, याचं उत्तर शास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकातच शोधलं होतं. सरावाचे दिवस दोन तृतीयांशाने कमी केले, किंवा प्रत्येक सत्राचा वेळ तेवढा कमी केला, तरी पंधरा आठवडे व्हीओटू मॅक्स टिकून राहिली. अट एकच: जोर तेवढाच हवा. जोर कमी केला आणि वेळ तसाच ठेवला, तर मात्र ती घसरली. हे प्रयोग ऑलिम्पिक दर्जाच्या खेळाडूंवर नव्हते, तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण दिशा उपयोगाची आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सुट्टीत मुलं तासभर गप्पा मारत सायकल चालवतात आणि ‘टच ठेवला’ म्हणतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, त्यात काही मिनिटं खरोखर धापा लागतील अशी, एवढ्यावर बरंच भागतं.

माझ्या मते कॉलेज किंवा क्लब पातळीच्या रोवरने पहिले दोन आठवडे निखळ सुट्टी घ्यावी. एर्गोकडे बघूही नये. सिंहगड चढा, पोहा, क्रिकेट खेळा, झोपा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन दमवणारी सत्रं आणि थोडी वजनं, पण वल्ह्याच्या हालचालीपासून लांब, म्हणजे फासळ्या आणि कंबर विश्रांतीवरच राहतात. सिडनीच्या अभ्यासातून संशोधकांनी काढलेला सल्लाही असाच आहे, की पूर्ण निष्क्रियता दोन-तीन आठवड्यांपलीकडे जाऊ देऊ नये.

परतीचा रस्ता सुट्टीपेक्षा अवघड असतो, आणि दुखापतीही तिथेच होतात. पंधरा दिवसांत प्लाझ्मा परत येतो, दम सुधारतो, एर्गोवरचे स्प्लिट रोज खाली येतात. रोवरला वाटतं, आपण आलो. हृदय आणि रक्त आलेलं असतं खरं. फासळी आलेली नसते. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. खरवडायला काही आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. म्हणजे सराव सुरू केल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, दम नेमका परत आलेला असताना, हाड कच्चं असतं. फासळीचा ताणाने होणारा अस्थिभंग ही रोइंगची खास दुखापत. वरच्या दर्जाच्या रोवरांपैकी दहातल्या एखाद्याला ती कधी ना कधी होते. सुरुवातीला खोल श्वास घेतला किंवा झोपेत कूस बदलली की बरगडीत चमक येते, आणि मुलं ती ‘स्नायू आखडलाय’ म्हणून बाम चोळून आठवडाभर ओढत राहतात. मग चार-सहा आठवडे वल्हं बंद. बाम चोळण्याची सवय कंबरदुखीतही दिसते, आणि तिथेही ती तितकीच महाग पडते. एर्गोवर अर्ध्या तासापेक्षा लांब, सलग बैठका कंबरेला जाचतात. सुरुवातीला त्या मोडून कराव्यात. मध्ये उठावं, चालावं, पाणी प्यावं.

हातांचं काय होतं ते प्रत्येक रोवर जाणतो. सुट्टीत घट्टे मऊ पडतात आणि पहिल्याच आठवड्यात फोड येतात. त्यावर उपाय नाही, हात धुवा, कोरडे ठेवा, भागवा. पण फोडांच्या भीतीने मूठ आवळून धरली की दांडा फिरवण्याच्या हालचालीने मनगटामागचे स्नायुबंध सुजतात, आणि ते फोडांपेक्षा जास्त दिवस खातात. मूठ सैल, बोटांत दांडा.

पहिले काही आठवडे सराव लांब आणि संथ ठेवतात, मिनिटाला १८ ते २० ओढी. शर्यतीत हाच आकडा ३४ ते ३८ असतो. संथ रोइंग कंटाळवाणं असतं हे मान्य. पण केशवाहिन्या आणि विकरं याच वेळात बांधली जातात, आणि हाडालाही जोरात धक्का न देता भाराची ओळख होते. हा काळ पाण्यावर गेला तर सोन्याहून पिवळं. पुण्यात पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा नदीला जोराची ओढ येते आणि अरुंद शर्यती बोटी अशा पाण्यात उतरवणं धोक्याचं. उन्हाळ्यात जलपर्णी. मग एर्गोच उरतो. अशा वेळी पहिल्या महिन्यात पडद्यावर टॉवेल टाकून ठेवावा, असं मी सांगतो. सुट्टीआधीच्या स्प्लिटशी रोज तुलना करणारा रोवर दुसऱ्या आठवड्यात जोर वाढवतो आणि पाचव्या आठवड्यात फासळी धरून बसतो. ठोके मोजा, बोलता येतंय का ते पाहा, आणि पडदा झाकून ठेवा.

परदेशात या टप्प्याला धरून शर्यतीही असतात. बोस्टनची ‘हेड ऑफ द चार्ल्स’ ऑक्टोबरमध्ये, जवळपास ४.८ किलोमीटर, आणि लंडनला थेम्सवरची मार्चमधली हेड शर्यत ६.८ किलोमीटरची. बोटी एकामागून एक सुटतात आणि घड्याळाशी शर्यत लावतात. २००० मीटरची धारदार सुरुवात आणि शेवटची धाव यात नसते. सुट्टीनंतर परत येणाऱ्याला ही सोयीची पायरी, कारण स्पर्धेची चव मिळते आणि अजून तयार न झालेल्या गोष्टींची परीक्षा होत नाही. आपल्याकडे अशी लांब शर्यतींची पक्की परंपरा नाही. क्लबांनी आपसात पाच-सहा किलोमीटरच्या घड्याळी फेऱ्या ठेवायला हरकत नाही. त्याला लागतं काय, दोन घड्याळं आणि शिट्टी.

मग टप्प्याटप्प्याने ओढींची गती वाढते: २२, २४, २८. शर्यतीच्या गतीचे छोटे तुकडे शेवटी येतात, आणि २००० मीटरची पूर्ण चाचणी त्याहूनही उशिरा. सामूहिक बोटीत आणखी एक अडचण असते. आठ जण आठ प्रकारची सुट्टी घालवून येतात. कोणी गावी जाऊन शेतात राबलेला असतो, कोणी महिनाभर परीक्षेच्या टेबलावर बसलेला. पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकाच मापाने हाकलं की ढिला असलेला जो कोणी ताठ्याने बरोबरी करायला जातो, दुखापत त्यालाच होते.

सिडनीच्या त्या रोवरकडे परत बघितलं की वेळापत्रक मांडता येतं. पुन्हा सराव सुरू केल्यावर आठ आठवड्यांनी त्याची व्हीओटू मॅक्स गमावलेल्यापैकी निम्मीच परत आली होती. वीस आठवड्यांनी ताकद ५४४ वॉट, म्हणजे जवळपास जिथे होती तिथे. आठ आठवड्यांत गेलेलं मिळवायला वीस आठवडे लागले. सुट्टी तीन-चार आठवड्यांची आणि थोडा जोर राखून घेतलेली असेल तर हे अंतर बरंच कमी होतं. पण हिशेबाची रीत तीच: आधी मुख्य शर्यतीची तारीख धरायची आणि मागे मोजत यायचं. शर्यत जानेवारीच्या सुरुवातीला असेल आणि सुट्टी लांबली असेल, तर वीस आठवडे मागे गेल्यावर ऑगस्टच्या मध्यावर येतो. पुण्यात तेव्हा नदी भरलेली असते, म्हणजे पहिले आठवडे एर्गोवरच जाणार हे आधीच धरून चालावं, आणि पाण्यावरचे तंत्राचे आठवडे सप्टेंबर उलटल्यावर मांडावेत. शर्यत मार्चच्या सुरुवातीला असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सवड मिळते आणि थेट पाण्यातूनच सुरुवात करता येते.